ब्रिटनचं ‘यूएफओ डेस्क’: एका सरकारी पत्रव्यवहाराचं प्रकरण

१९९० च्या दशकात ब्रिटनमधल्या एखाद्याला रात्री आकाशात काही अनोळखी दिसलं, तर तो सहसा पोलीस ठाण्यात, विमानतळावर किंवा हवाई दलाच्या जवळच्या तळावर फोन करायचा. तिथे एक ठरावीक फॉर्म भरून घेतला जायचा. तारीख, वेळ, किती मिनिटं दिसलं, आकार, रंग, आवाज, बघणारा नेमका कुठे उभा होता, उघड्या डोळ्यांनी पाहिलं की दुर्बिणीतून, क्षितिजापासून किती उंचावर, हवा कशी होती, सोबत आणखी कोण होतं. हा फॉर्म लंडनला संरक्षण मंत्रालयात, बाहेरचे ज्याला ‘यूएफओ डेस्क’ (यूएफओ म्हणजे अनोळखी उडती वस्तू) म्हणत तिथे, जायचा आणि काही दिवसांनी त्या माणसाच्या हाती पत्र पडायचं. पत्राचा मजकूर जवळजवळ ठरलेला असायचा. कळवल्याबद्दल आभार, देशाच्या हवाई हद्दीत शत्रूचा किंवा अनधिकृत शिरकाव झालाय का, एवढंच पाहण्यासाठी मंत्रालय अशा नोंदी तपासतं, तसा पुरावा नसेल तर प्रत्येक वेळी नेमकं काय दिसलं हे शोधून काढण्याचा प्रयत्न मंत्रालय करत नाही.

पत्र सभ्य होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण लिहिणाऱ्यानं विचारलं होतं, ‘मी काय पाहिलं?’ आणि मंत्रालय सांगत होतं, ‘त्यापासून देशाला धोका नाही.’ जो प्रश्न विचारला त्याला उत्तर नाही, आणि जे उत्तर मिळालं तो प्रश्न विचारलेला नाही. उडत्या तबकड्यांबद्दल सरकार काहीतरी लपवतंय, हा समज ब्रिटनमध्ये इतका का टिकला, याचं मूळ मला परग्रहवासीयांच्या आकर्षणापेक्षा या पत्रव्यवहारात जास्त दिसतं. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहू या.

सुरुवात एका गुप्त समितीपासून

१९४७ साली अमेरिकेत ‘उडत्या तबकड्यां’च्या बातम्यांची लाट आली आणि १९५० पर्यंत ती ब्रिटिश वर्तमानपत्रांतही येऊन थडकली. संरक्षण मंत्रालयाचे तेव्हाचे वैज्ञानिक सल्लागार सर हेन्री टिझर्ड हे युद्धाआधी ब्रिटनच्या रडार यंत्रणेच्या उभारणीत मोठा वाटा असलेले गृहस्थ. हसण्यावारी नेण्यापेक्षा एकदा नीट तपासून बघावं, असं त्यांचं मत पडलं. त्यातून ‘फ्लाइंग सॉसर वर्किंग पार्टी’ नावाची छोटी समिती नेमली गेली. जून १९५१ मध्ये तिचा अहवाल आला. लोकांना दिसतं त्याची कारणं म्हणून त्यात ग्रहतारे आणि हवामानातले आविष्कार, विमानं, फुगे, पक्षी, दृष्टिभ्रम, मनाचे खेळ आणि मुद्दाम केलेली फसवणूक यांची नोंद होती. ठोस भौतिक पुरावा हाती येईपर्यंत यापुढे तपास करू नये, अशी शिफारस करून समिती विसर्जित झाली.

पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९५२ रोजी, पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी एक चिठ्ठी पाठवली. या उडत्या तबकड्यांच्या प्रकाराचा एकूण अर्थ काय, खरं काय आहे, सवडीनं मला अहवाल द्या, असं तिच्यात होतं. ९ ऑगस्टला उत्तर आलं: १९५१ मध्ये याचा पूर्ण अभ्यास झाला आहे, सगळ्या घटनांचा उलगडा वर सांगितलेल्या कारणांनी होतो, आणि त्यानंतर मत बदलावं असं काही घडलेलं नाही.

चर्चिल यांचा प्रश्न आणि कोणत्याही सामान्य नागरिकाचा प्रश्न शब्दशः सारखाच होता. चर्चिलना बारा दिवसांत उत्तर मिळालं. ज्या अहवालावर ते उत्तर बेतलं होतं, तो मात्र बाकीच्यांना २००१ साली बघायला मिळाला. त्यात राष्ट्रीय सुरक्षेला बाधा येईल असं काय होतं? माझ्या वाचनात तरी काही नाही. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत कागदावर गुप्ततेचा शिक्का आधी मारायचा आणि कारण नंतर शोधायचं, अशी पद्धत पडली होती. तो अहवाल तेव्हाच छापून लोकांपुढे ठेवला असता, तर पुढे आलेल्या प्रत्येक पत्राला निदान एक संदर्भ देता आला असता.

समितीचा ‘आता तपास नको’ हा सल्लाही फार दिवस टिकला नाही. सप्टेंबर १९५२ मध्ये नाटोचा ‘मेनब्रेस’ हा मोठा युद्धसराव चालू असताना यॉर्कशरमधल्या टॉपक्लिफ तळावर हवाई दलाच्याच माणसांनी उतरणाऱ्या एका मीटिअर विमानामागे चकचकीत गोल वस्तू पाहिल्याचं कळवलं. कळवणारे प्रशिक्षित लोक होते, त्यांना वेड्यात काढणं शक्य नव्हतं. हवाई मंत्रालयानं नोंदी ठेवायला पुन्हा सुरुवात केली. १९६४ मध्ये हे मंत्रालय संरक्षण मंत्रालयात विलीन झालं आणि नोंदींचं काम तिकडे गेलं.

कोणतं काम, कोणाचं काम

मंत्रालयाच्या आत या कामाचं नाव आणि पत्ता सारखा बदलत राहिला. एस४, मग डीएस८, नंतर ‘सेक एएस’, शेवटी हवाई दल संचालनालय. बाहेरच्यांनी मात्र एकच नाव पक्कं केलं: यूएफओ डेस्क. प्रत्यक्षात तिथे कनिष्ठ श्रेणीतल्या एका नागरी अधिकाऱ्याच्या कामांपैकी हे एक काम असायचं. दुर्बिणी नव्हत्या, प्रयोगशाळा नव्हती, घटनास्थळी जाणारं पथक नव्हतं. टेलिफोन, फॉर्म आणि पत्रं, इतकाच संसार. गरज वाटली तर रडार केंद्रांकडे किंवा इतर शाखांकडे विचारणा व्हायची.

नोंदींच्या प्रती गुप्तवार्ता यंत्रणेतल्या डीआय५५ या शाखेकडेही जायच्या. तिचं मुख्य काम परदेशी क्षेपणास्त्रं आणि अवकाश तंत्रज्ञान यांच्यावर नजर ठेवणं. सोव्हिएत यानाचा तुकडा वातावरणात जळताना कोणी पाहिला असेल, तर ती माहिती त्यांना हवी असणार, यात वावगं काही नाही. पण या शाखेचा सहभाग अनेक वर्षं लोकांना सांगितला गेला नाही. एका बाजूला पत्रात लिहायचं की आम्हाला यात फारसा रस नाही, आणि दुसऱ्या बाजूला तोच कागद गुप्तवार्ता विभागाकडे पाठवायचा. ही गोष्ट कधी ना कधी बाहेर येणारच होती. आली तेव्हा साध्या कारणाचं साधं उत्तरसुद्धा लपवाछपवीचा पुरावा ठरलं.

जुन्या कागदांचं काय व्हायचं, हेही सांगायला हवं. १९६७ पर्यंत या फाइल्स तात्पुरत्या महत्त्वाच्या समजून पाच वर्षांनी नष्ट केल्या जात. त्या वर्षी देशभर नोंदींची लाट आली, वर्षाचा आकडा ३६२ वर गेला. सप्टेंबर १९६७ मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये एका ओळीत सहा ठिकाणी छोट्या ‘तबकड्या’ सापडल्या. पोलीस आणि लष्कर धावलं, आणि फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतल्या प्रशिक्षणार्थींनी विद्यार्थी निधीसाठी केलेला तो खेळ निघाला. ऑक्टोबरमध्ये डेव्हनमध्ये दोन पोलिसांनी आकाशातल्या एका तेजस्वी ‘क्रॉस’चा गाडीतून पाठलाग केला. तो शुक्र असल्याचा निर्वाळा देण्यात आला. लोकांची उत्सुकता एवढी वाढल्यावर कागद जपून ठेवायचं ठरलं. त्याआधीचं बरंचसं मात्र कायमचं गेलं. कोणी कट करून ते जाळलं नव्हतं, नेहमीच्या नियमानं ते रद्दीत गेलं होतं. पण नसलेल्या कागदाबद्दल हे पटवून देणार कसं?

१९७८ मध्ये ७५० नोंदी आल्या, आजवरचा उच्चांक. जानेवारी १९७९ मध्ये अर्ल ऑफ क्लॅनकार्टी यांनी हा विषय हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये चर्चेला आणला आणि सरकारनं रीतसर अभ्यास करावा अशी मागणी केली. सरकारच्या वतीनं लॉर्ड स्ट्रॅबोल्गी यांनी उत्तर दिलं. आकाशात विलक्षण गोष्टी दिसतात आणि त्या सांगणारी माणसं समंजस असतात, पण त्यांना नैसर्गिक कारणं पुरेशी आहेत, परग्रहावरच्या यानांचा काही पुरावा नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सांगणाऱ्यांना समंजस म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. त्या काळी मंत्र्यानं सभागृहाला हसवणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. अभ्यासाची मागणी मात्र नाकारली गेली.

रेंडलशॅम: न झालेल्या चौकशीची किंमत

या पद्धतीची खरी परीक्षा डिसेंबर १९८० मध्ये झाली. सफक परगण्यात वुडब्रिज आणि बेंटवॉटर्स हे हवाई दलाचे जोडतळ अमेरिकी दलाच्या ताब्यात होते. २६ डिसेंबरच्या पहाटे तीनच्या सुमारास वुडब्रिजच्या सुरक्षारक्षकांना शेजारच्या रेंडलशॅम जंगलात दिवे उतरताना दिसले. दोन रात्रींनी उपतळप्रमुख लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट स्वतः जंगलात गेले, किरणोत्साराचं मोजमाप केलं, जे दिसत होतं ते टेपवर बोलत गेले. १३ जानेवारी १९८१ रोजी त्यांनी ‘अनएक्सप्लेन्ड लाइट्स’ या शीर्षकाचं एकपानी टिपण संरक्षण मंत्रालयाला पाठवलं.

टिपणात तारखा चुकल्या होत्या. पहिली घटना २७ डिसेंबरची दाखवली होती. मंत्रालयानं रडार केंद्रांकडे विचारणा केली ती त्या चुकीच्या तारखांवर बेतलेली, आणि तिथून काही नसल्याचं कळलं. साक्षीदारांपैकी कोणाशीही मंत्रालय बोललं नाही. पहिल्या रात्री जंगलात आलेल्या स्थानिक पोलिसांच्या नोंदीत, दिसणारा प्रकाश ऑर्फर्डच्या दीपगृहाचाच आहे, असं तेव्हाच लिहिलेलं होतं. ती नोंद आणि हॉल्ट यांचं टिपण एका टेबलावर शेजारी ठेवून कोणी पाहिलं नाही. संरक्षणदृष्ट्या महत्त्वाचं काही नाही, असा शेरा मारून विषय मिटवला गेला.

लोकांना याचा पत्ता लागला १९८३ मध्ये, तोही अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्यामुळे. टिपणाची प्रत तिकडून मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये एका ब्रिटिश रविवारच्या वर्तमानपत्रानं ती पहिल्या पानावर छापली. आपल्याच जंगलात काय घडलं ते आपल्या सरकारनं सांगितलं नाही, दुसऱ्या देशाच्या कायद्यानं सांगितलं, ही बोच ब्रिटिश वाचकाला लागणं साहजिक होतं.

माजी संरक्षण दलप्रमुख ॲडमिरल लॉर्ड हिल-नॉर्टन यांनी पुढे यावर जो युक्तिवाद केला, तो मला अजूनही बिनतोड वाटतो. एकतर त्या जंगलात खरोखरच काही उतरलं, किंवा महत्त्वाच्या लष्करी तळाचा उपप्रमुख आणि त्याचे सशस्त्र जवान भ्रमात होते. दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी संरक्षण मंत्रालयाला त्याची काळजी वाटायला हवी. परग्रहवासीयांवर विश्वास नसलेल्या माणसालाही हे मान्य करावं लागेल. ‘संरक्षणदृष्ट्या महत्त्व नाही’ हा शेरा इथे स्वतःच्याच कसोटीवर उतरत नव्हता.

नंतर स्वतंत्र अभ्यासकांनी तुकडे जुळवले. त्या पहाटे तीनच्या सुमारास दक्षिण इंग्लंडवरून एक तेजस्वी उल्का गेली होती, जंगलाच्या रेषेत काही किलोमीटरवर ऑर्फर्डनेसचं दीपगृह लुकलुकत होतं, आणि क्षितिजालगतचे ठळक तारे होते. मला हा उलगडा पटतो. काहींना पटत नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण उलगडा झाला तोपर्यंत साक्षी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा सांगून बदलल्या होत्या. जानेवारी १९८१ मध्ये दोन अधिकारी आठवडाभर तिथे गेले असते, तर साक्षी ताज्या असताना त्यांची उलटतपासणी झाली असती. २००१ साली मंत्रालयाची रेंडलशॅमची फाइल खुली झाली, तेव्हा तिच्यात दडवलेलं रहस्य सापडलं नाही. सापडला तो पत्रव्यवहार, आणि चौकशी केलीच नसल्याचा पुरावा.

जेव्हा उत्तर देता आलं

डेस्कला उत्तर देता येतच नव्हतं, असं मात्र नाही. ३१ मार्च १९९३ च्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास पश्चिम इंग्लंड आणि वेल्समधून बऱ्याच लोकांनी, त्यांत पोलीस आणि हवाई दलाचे लोकही होते, मागे शेपटी असलेले दोन दिवे वेगानं जाताना पाहिले. त्या वेळी डेस्कवर निक पोप हे अधिकारी होते. त्यांनी हे प्रकरण वरपर्यंत नेलं आणि फायलिंगडेल्सच्या क्षेपणास्त्र-इशारा केंद्राकडे विचारणा झाली. रशियाचा कॉसमॉस २२३८ उपग्रह नुकताच सोडला गेला होता आणि त्याच्या त्सिक्लोन रॉकेटचा वापरून झालेला भाग त्याच रात्री वातावरणात शिरून जळाला होता. वेळ आणि दिशा, दोन्ही जुळत होतं. त्या रात्रीच्या काही उशिराच्या नोंदी यात बसत नाहीत असं पोप यांचं मत राहिलं आणि त्यावर वाद आहे, पण बहुतेकांना काय दिसलं ते कळलं.

यासाठी वेगळा निधी लागला नाही. आकाशात काय फिरतंय याची नोंद ठेवणारं एक खातं आणि लोकांची पत्रं घेणारं दुसरं खातं यांनी एकमेकांशी बोलणं, इतकंच लागलं. हे एरवी नेमानं होत नव्हतं, याचं कारण पत्रातच लिहिलेलं होतं: नेमकं काय दिसलं ते आम्ही शोधत नाही. धोरणच तसं होतं.

याच्या उलट टोकाला कॅल्विन या गावाजवळचं प्रकरण. ऑगस्ट १९९० मध्ये स्कॉटलंडमधल्या पिटलॉक्रीजवळ दोघांनी पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकाराच्या मोठ्या वस्तूचे रंगीत फोटो काढले आणि ते एका स्कॉटिश वर्तमानपत्राकडून मंत्रालयापर्यंत पोचले. मंत्र्यांना पत्रकारांनी विचारलं तर काय सांगायचं, याची तयारी फाइलमध्ये व्यवस्थित आहे. वस्तू काय होती, यावर ठोस निष्कर्ष नाही. फोटो त्या काळी छापूनही आले नाहीत. २०२२ मध्ये हवाई दलाच्या एका निवृत्त प्रसिद्धी अधिकाऱ्यानं वैयक्तिकरीत्या जपलेली एक प्रत पुढे आली, तेव्हा कुठे जगानं तो फोटो पाहिला. सरकारी दफ्तरात उत्तराचा मसुदा टिकला, पुरावा टिकला नाही. प्राधान्य कशाला होतं, हे यापेक्षा स्पष्ट कसं दिसणार?

फाइल्स उघडतात

१ जानेवारी २००५ पासून ब्रिटनचा माहिती स्वातंत्र्य कायदा पूर्णपणे लागू झाला आणि यूएफओ हा संरक्षण मंत्रालयाकडे सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या विषयांपैकी एक ठरला. शेफील्डचे अभ्यासक डॉ. डेव्हिड क्लार्क आणि त्यांचे सहकारी यांच्या पाठपुराव्यामुळे मे २००६ मध्ये एक मोठी गोष्ट उघड झाली. डीआय५५ नं १९९६ च्या अखेरीपासून ‘कॉन्डाइन’ या सांकेतिक नावानं गुप्त अभ्यास करवून घेतला होता आणि २००० मध्ये त्याचा चारशेहून अधिक पानांचा अहवाल तयार झाला होता. त्याचा निष्कर्ष असा की काही घटनांचा उलगडा होत नाही हे खरं, पण कोणाच्या नियंत्रणाखालच्या किंवा शत्रूच्या वस्तूंचा पुरावा नाही. उरलेल्यांपैकी काही वातावरणातल्या विद्युतभारित वायूमुळे दिसत असाव्यात. या शेवटच्या मुद्द्यावर शास्त्रज्ञांनी बरीच टीका केली, आणि ती रास्त आहे. अहवाल एकाच लेखकाचा होता आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी तो तपासलेला नव्हता. गुप्ततेचं हे नुकसान सहसा मोजलं जात नाही. लपवलेला अभ्यास कच्चा राहतो, कारण त्याला खोडून काढणारं कोणी नसतं.

अहवाल हाती आल्यावर डीआय५५ नं डिसेंबर २००० मध्येच नोंदी घेणं थांबवलं होतं. म्हणजे गुप्तवार्ता यंत्रणेच्या दृष्टीनं विषय संपला होता, आणि लोकांना मात्र तो चालू होता की नव्हता हेही ठाऊक नव्हतं.

एकेका अर्जाला उत्तर देण्यापेक्षा सगळ्याच फाइल्स राष्ट्रीय अभिलेखागारातून खुल्या करायच्या, असा निर्णय झाला. मे २००८ मध्ये पहिला हप्ता आला, जून २०१३ मध्ये दहावा आणि शेवटचा. एकूण सुमारे ५२,००० पानं. या निर्णयाचं मी मनापासून कौतुक करते. साक्षीदारांची नावं झाकून, एकेक पान तपासून हे काम झालं. डीआय५५ च्या काही जुन्या फाइल्स ॲस्बेस्टॉसनं दूषित झालेल्या तळघरात अडकल्या होत्या, त्याही साफ करून स्कॅन कराव्या लागल्या. ॲस्बेस्टॉसची गोष्ट ऐकून अनेकांना ती सबब वाटली होती. ती सबब नव्हती.

आणि पानांत निघालं काय? फॉर्म, चित्रं, शाळकरी मुलांची पत्रं, संतापलेल्यांची पत्रं, मंत्र्यांसाठीची टिपणं, कोणी काय उत्तर द्यावं यावरची खात्यांतली ओढाताण. उतरलेलं यान नाही. ज्यांनी आयुष्यभर त्या यानाची वाट पाहिली, त्यांची निराशा झाली असेल. मला त्या फाइल्समध्ये एक मोठी मौल्यवान नोंद दिसते: साठ वर्षांत या देशातल्या माणसांनी आकाशाकडे कसं पाहिलं, त्यांना कशाची भीती वाटली, आणि सरकारकडून त्यांनी काय अपेक्षिलं.

डिसेंबर २००९

फाइल्स खुल्या होत असतानाच दुसरीकडे डेस्क बंद करण्याची तयारी चालू होती. २००९ मध्ये नोव्हेंबरअखेर ६४३ नोंदी आल्या, आधीच्या वर्षाच्या सुमारे तिप्पट. लग्नसमारंभांत आणि पार्ट्यांत आकाशात सोडले जाणारे कागदी ‘चायनीज लँटर्न’ हे त्याचं एक मोठं कारण. खुल्या होणाऱ्या फाइल्सच्या बातम्यांनीही लोकांना कळवण्याची आठवण करून दिली असणार.

हवाई दलाच्या बाजूनं संरक्षणमंत्री बॉब एन्सवर्थ यांच्यापुढे टिपण ठेवलं गेलं. पन्नासहून अधिक वर्षांत एकाही नोंदीतून संभाव्य धोक्याचा पुरावा मिळालेला नाही, या कामाचा संरक्षणासाठी उपयोग नाही, आणि डेस्क असल्यामुळेच पत्रव्यवहार वाढतो, असा त्याचा गाभा. १ डिसेंबर २००९ पासून दूरध्वनी सेवा आणि ई-मेल पत्ता बंद झाला. त्या वेळी वार्षिक खर्चाचा आकडा सुमारे ४४,००० पौंड असा प्रसिद्ध झाला होता.

बंद करण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. धोका शोधणं हे खात्याचं काम. धोका नाही हे अर्धशतकात स्पष्ट झालं. मग ते टेबल लष्कराकडे असण्याचं कारण उरत नाही. अफगाणिस्तानात सैनिक लढत असताना मंत्रालयानं आपली माणसं तिकडच्या कामासाठी मोकळी करणं समजण्यासारखं आहे.

ज्याला मात्र कोणत्याही बाजूनं समर्थन देता येत नाही, तो भाग पुढचा आहे. यापुढे नोंदी आल्याच तर ३० दिवस ठेवून नष्ट करायच्या, असं धोरण ठरलं, कारण ठेवल्या तर माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली त्या द्याव्या लागतील. १९६७ मध्ये जी सवय सोडली होती, ती अधिक घट्ट होऊन परत आली. तेव्हा पाच वर्षं कागद राहायचा, आता एक महिना. आणि तेव्हाचं कारण निदान कपाटातल्या जागेचं होतं. या वेळी कारण होतं लोकांच्या हाती कागद पडू नये, हे. एकीकडे ५२,००० पानं खुली करून कमावलेला विश्वास दुसऱ्या हातानं असा खर्च करायचा, हे मला खरोखर क्लेशदायक वाटतं. आकाशातल्या दिव्याचं राहू द्या. माहितीचा हक्क टाळण्यासाठी माहितीच नष्ट करणं, हा पायंडा इतर कुठल्याही खात्याला वापरता येतो.

शेजारी काय करतात

इंग्लिश खाडीच्या पलीकडे फ्रान्सनं १९७७ मध्येच हे काम लष्कराऐवजी आपल्या राष्ट्रीय अवकाश संस्थेला, सीएनईएसला, दिलं. आज त्या कक्षाला जायपान म्हणतात. ग्रामीण पोलीस जबाब नोंदवतात, तूलूजमधला छोटा कर्मचारीवर्ग आणि स्वयंसेवक तज्ज्ञ तपास करतात. प्रत्येक प्रकरणाला ए ते डी अशी श्रेणी मिळते: नक्की उलगडा झालेलं, बहुधा उलगडा झालेलं, माहिती अपुरी, आणि चांगली माहिती असूनही न उलगडलेलं. २००७ पासून प्रकरणं सर्वांना वाचता येतात. साक्षीदाराला ‘तुम्ही बहुधा अमुक पाहिलं, आणि आम्ही हे यावरून म्हणतो’ असं सांगणारं हे सरकारी काम आहे.

‘माहिती अपुरी’ आणि ‘न उलगडलेलं’ या दोन खान्यांना वेगळं ठेवणं ही फ्रेंच पद्धतीतली सर्वांत शहाणी गोष्ट. अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या अशाच नोंदी तपासणाऱ्या प्रकल्पानं १९६९ मध्ये गाशा गुंडाळला तेव्हा १२,६१८ पैकी ७०१ नोंदी ‘अज्ञात’ म्हणून उरल्या, आणि त्या आकड्यावर लोक आजही वाद घालतात. न उलगडलेलं म्हणजे परग्रहावरचं, असं एक बाजू धरते. न उलगडलेलं म्हणजे नीट न पाहिलेलं, असं दुसरी. कोणती नोंद किती तपासली होती हे शेजारी लिहिलेलं असेल, तर या वादातला निम्मा भाग उरतच नाही. ब्रिटिश पत्रात तर तपासलं की नाही हेच कळायचं नाही. ‘आम्ही पाहिलं, काही सापडलं नाही’ आणि ‘आम्ही पाहिलंच नाही’, ही दोन्ही उत्तरं प्रामाणिक असू शकतात. पण त्यांतलं आपल्या वाट्याला कोणतं आलं, हे कळण्याचा पत्र लिहिणाऱ्याचा हक्क आहे.

जून २०२१ मध्ये अमेरिकी गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयानं १४४ लष्करी नोंदींचा प्राथमिक अहवाल जाहीर केला. त्यातल्या एकाच नोंदीचा, हवा गेलेल्या एका मोठ्या फुग्याचा, उलगडा झाला होता. साहजिकच ब्रिटिश संसदेतही प्रश्न आले. सरकारनं सांगितलं की पन्नासहून अधिक वर्षांत कोणत्याही नोंदीतून लष्करी धोका दिसलेला नाही आणि हे काम पुन्हा सुरू करण्याचा विचार नाही. वैमानिकांनी विमानाजवळ आलेल्या अनोळखी वस्तूंबद्दल दिलेल्या नोंदी नागरी विमान सुरक्षेच्या यंत्रणेत तपासल्या जातात, आणि ते काम चोखपणे चालतं. जमिनीवरून पाहणाऱ्या माणसानं आज कुठे लिहावं, याला मात्र २००९ पासून सरकारी उत्तर नाही. ते काम हवामान खात्यानं, एखाद्या विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागानं किंवा ब्रिटनच्या अवकाश संस्थेनं घ्यावं, अशी माझी सूचना आहे. दोन अटींवर: प्रत्येक पत्रात तपास झाला की नाही हे लिहायचं, आणि एकही नोंद ३० दिवसांनी फाडायची नाही.